लव्हाळा उपटायचा नसतो : आमची वाटचाल

आमच्या लेटरहेडवर आज ‘उद्यान देखभाल’ एवढंच छापलेलं आहे. सुरुवातीला तिथं ‘लँडस्केपिंग’ होतं. छापखान्यातला मुलगा म्हणाला, “ताई, हल्ली हाच शब्द चालतो,” म्हणून टाकला. एका उद्यान निरीक्षकांनी तो वाचून चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “तुम्ही लँडस्केप करता की गवत कापता?” मी म्हटलं, “गवत कापतो, साहेब.” उरलेली लेटरहेडं हिशेबाच्या पाठकोऱ्या कागदासारखी वापरून संपवली.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पुण्याच्या परिसरातल्या एका पालिकेत माळी होते. १९७६ ला लागले, २००७ ला निवृत्त झाले. सुट्टीच्या दिवशीही त्यांच्यातला माळी सुटत नसे. आम्हाला पेशवे पार्कात फुलराणीत बसवायला न्यायचे (ती १९५६ पासून धावतेय, त्यामुळं आबाही तिच्यात बसलेले), पण गाडी सुटली की आम्ही त्यांना हात करायचो आणि हे रुळाकडेच्या मेंदीची छाटणी बघत उभे.

आबा निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरली गेली नाही. तेव्हा सगळीकडे हेच चाललं होतं. कायम माळी कमी होत गेले आणि त्यांचं काम वार्षिक ठेक्यावर निघू लागलं. २००८ मध्ये तीन छोट्या बागांची निविदा निघाली. मी बी. कॉम. होऊन एका सीएकडे नोंदी करत होते, म्हणजे कागद मला कळत होते आणि झाडं आबांना. पतसंस्थेचं साठ हजारांचं कर्ज, एक जुना ब्रश कटर (गवत कापायचं दांड्याचं मशीन), दोन लॉनमोवर, खुरपी, विळे, घमेली आणि आठ माणसं, इतक्यावर फर्म उभी राहिली. बापाची पगारी जागा गेली आणि लेकीला ठेका मिळाला, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. तसंच झालंय. आबांना पेन्शन आहे, माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना नाही. ही गोष्ट मला दर महिन्याला पगार वाटताना आठवते.

पहिल्याच वर्षी आपटलो. एका बागेत अडीच हजार चौरस फूट नवं लॉन करायचं होतं. मी भावात घासाघीस करून चार ट्रक लाल माती स्वस्तात आणली आणि स्वतःवर खूश झाले. आबा गावी गेले होते. मेक्सिकन लॉनचे तुकडे लावले, पाणी दिलं, महिनाभरात हिरवंगार दिसायला लागलं. साहेबांनी फोटो काढले. मग त्या हिरव्यातून दुसरं, जरा फिकट आणि चकचकीत हिरवं वर आलं. तीन धारी देठ, टोकदार पाती. लव्हाळा. मी चार बायका लावून दोन दिवसांत सगळा उपटून घेतला. पंधरा दिवसांनी दुप्पट उगवला.

आबा आले, उकिडवे बसले, खुरप्यानं वीतभर खणून त्यांनी एक पातं मुळासकट बाहेर काढलं. खाली हरभऱ्याएवढी काळी गाठ, तिला बारीक दोऱ्यासारखं मूळ, त्याला पुढची गाठ, मग तिसरी. माळच. हाच नागरमोथा, औषधाच्या दुकानात सुगंधी म्हणून विकतात तो. वरून ओढलं की पातं हातात येतं आणि गाठ खाली राहते. ओढाताणीत ती माळ तुटली की ज्या गाठी निजून होत्या त्यांनाही फुटवा येतो. म्हणजे मी पैसे देऊन लव्हाळ्याची लागवडच करून घेतली होती. “उपटायचा नसतो, खणायचा असतो,” आबा म्हणाले, “आणि त्याच्याही आधी ट्रकात बघायचा असतो.” गाठी मातीतूनच आल्या होत्या. लॉनवर सरसकट तणनाशक मारावं तर लॉनही जळतं. शेवटी अख्खा पट्टा वीतभर खोल काढून टाकला, चाळलेली माती भरली. त्या कामात जेवढा नफा धरला होता त्याच्या तिप्पट गेले.

त्या चार बायकांतल्या एक मावशी बार्शीकडच्या. त्या दिवशी त्या आबांशेजारी बसून बघत होत्या. आज त्या आमच्या मुकादम आहेत. बावीस बागा आणि चौसष्ट माणसं त्यांच्या डोक्यात असतात. माझ्याकडे एक्सेल आहे, पण कोण कुठं आहे ते मी त्यांनाच विचारते.

धंद्याच्या गणिताबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नव्यानं येणारी मुलं फोन करून हेच विचारतात. बाग सांभाळण्याच्या कामात शंभरातले ऐंशी रुपये मजुरीत जातात. किमान वेतन ठरलेलं, त्यावरचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. मालकाचा पीएफ १२ टक्के, प्रशासकीय आकार वगैरे धरून १३. ईएसआयसी, म्हणजे कामगार विमा, ३.२५ टक्के. हे खर्च कुणाच्याच मनावर नाहीत. असं असताना एखादा अंदाजपत्रकापेक्षा तीस टक्के बिलो भरतो तेव्हा तो पैसे कुठून काढणार? एक तर हजेरीपटावर दहा नावं आणि बागेत सहा माणसं. नाही तर पीएफचं चलन भरायचंच नाही. नाही तर शेणखताच्या जागी माती. चौथी वाट मला सतरा वर्षांत सापडलेली नाही. आम्ही दोनदा अशा स्पर्धेत उतरलो, एकदा जिंकलो आणि ते वर्ष घरातलं सोनं मोडून काढलं. तेव्हापासून मजुरीचा हिशेब आधी मांडते, त्याखाली दर जात नाही. निविदा हरतो. हरू दे.

थकलेल्या बिलांबद्दल लिहिणार होते, पण ज्यांच्याकडे थकलीत त्यांच्याकडे कामही चालू आहे, तेव्हा नावं नकोत. एका ठिकाणी सात महिने बिल निघालं नाही. मोजमाप पुस्तक भरलेलं, सह्या झालेल्या, फाईल लेखा विभागात. मी दर मंगळवारी जायचे. फाईल कधी या टेबलावर, कधी त्या, एकदा तर कपाटाच्या वर. मावशींचा पगार मात्र महिन्याला लागतो, आणि गौरी-गणपतीच्या आधी उचलही लागते.

बागा नि मैदानं ही नगरपालिकांकडे सोपवता येणारी कामं आहेत हे घटनेतच लिहिलेलं आहे. ७४ व्या दुरुस्तीनं जी बारावी अनुसूची आली तिच्यात ‘उद्याने, बागा, क्रीडांगणे’ असे शब्द आहेत. हे मला २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर कळलं, कारण त्या यादीतल्या कामाची निव्वळ सेवा पालिकेला दिली तर करमाफी आहे. खत, रोपं असा माल पंचवीस टक्क्यांच्या वर गेला की मग माफी नाही. राज्यघटना मी अशी कराच्या वाटेनं वाचली.

आता झाडांकडे वळते. आमच्या एका बागेत पावसाळ्यात चाळीस रोपं लागली होती. ताम्हण, बहावा, कांचन, करंज, अशी चांगली आपल्याकडची झाडं. मुख्य पाहुण्यांनी लावलेल्या ताम्हणाला तर पाटीही होती. वर्षभरात चौदा मेली. मी टँकरवाल्याला झापलं, त्यानं मला पावत्या दाखवल्या. पाणी पडलं होतं. आबांनी पुन्हा उकिडवं बसून बुंध्याशी बोट लावलं. जमिनीपासून चार बोटं वर, अंगठीसारखी, साल सोललेली. ब्रश कटरची नायलॉनची दोरी. पोरगा गवत कापता कापता बुंध्याला चिकटून मशीन फिरवायचा. आठवड्याला एकदा, दोरीचा हलका फटका. पानांनी केलेलं अन्न सालीच्या आतून मुळांकडे उतरतं. ती अंगठी पुरी झाली की वर झाड हिरवं दिसत राहतं आणि खाली मूळ उपाशी मरतं. तहानेनं मेलं असं आपण लिहून टाकतो. या राज्यात १९७५ चा झाडं जतनाचा कायदा आहे, फांदी तोडायची तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि आमच्याच दोरीनं चौदा झाडांना फास लावला होता. कुणी जाब विचारला नाही. विचारायला हवा होता.

तेव्हापासून आमच्याकडे रोपाभोवती दोन फुटांचं आळं खुरप्यानंच साफ होतं, मशीन त्याच्या आत जात नाही. बुंध्याला पीव्हीसी पाइपाचा उभा चिरलेला तुकडा घालतो. पाइपाचे तुकडे प्लंबरकडे फुकट पडलेले असतात. निविदेत या कामाला ओळ नाही, त्यामुळं पैसेही नाहीत.

निविदेत ओळ नसलेली कामं हाच खरं तर आमचा धंदा आहे. झोपाळ्याचंच घ्या. लोक फळी बघतात, साखळी बघतात. झिजते ती वरच्या दांड्याला अडकवलेली कडी, आणि तीही आतल्या बाजूनं, जिथं हूक घासतो. खालून नवी कोरी दिसते. २०१४ च्या दिवाळीत अशी एक कडी तुटली, मुलगा वाळूत पडला, गुडघा फुटला. त्याची आई मला काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. त्या महिन्यात तपासणीच्या कागदावर माझी सही होती. आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक माणूस शिडी घेऊन प्रत्येक झोपाळ्यावर चढतो आणि कडीच्या आतून बोट फिरवतो. डोळ्यानं नाही, बोटानं. खाच लागली की कडी बदलायची. खुल्या व्यायामशाळेच्या बेअरिंगांना त्याच दिवशी ग्रीस. कारंज्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पितळी नोझल चोरीला जातात, मोटर जळते आणि साचलेल्या पाण्यात डास होतात. कारंजी बांधूच नयेत. हे मी प्रत्येक बैठकीत सांगते, प्रत्येक वेळी एक नवं कारंजं मंजूर होतं.

फुलांचा मामला निराळा. पहाटे फाटक उघडलं की पिशव्या घेतलेले काका-काकू आत शिरतात. छत्रीच्या मुठीनं फांदी ओढायची, जास्वंद, तगर, चाफा, दिसेल ते खुडायचं. बागेतली फुलं देवाला चालतात, बागेतले नियम देवाला लागू नाहीत. पाट्या लावल्या, राखणदार ठेवला, भांडणं झाली. एका आजोबांनी माझ्याविरुद्ध तक्रार अर्ज दिला की ही बाई धर्मकार्यात अडथळा आणते. मग मावशींनीच तोडगा काढला. फाटकाजवळ कुंपणाला लागून तगर आणि जास्वंदीची लांब रांग लावली, कण्हेरही घातली आणि पाटी लावली, ‘ही फुले पूजेसाठी’. आतल्या ताटव्यांना हात लागणं पुष्कळ कमी झालं. तक्रारवाले आजोबा आता त्या रांगेला पाणी कमी पडलं तर मला फोन करतात. सकाळी सहा वाजून दोन मिनिटांनी.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुण्यातलं कुणी विसरणार नाही. आंबिल ओढ्याकाठच्या एका सोसायटीची बाग तेव्हा आमच्याकडे होती. सकाळी गेलो तर बाग नव्हतीच, गुडघाभर गाळ होता, त्यात एक दुचाकी आणि कुणाचा तरी फ्रिज. लोकांची घरं गेली होती, तिथं बागेचं दुःख काय करायचं! आम्ही पंधरा जण फावडी घेऊन आधी जिने मोकळे केले, बागेकडे महिनाभर फिरकलो नाही. नंतर गेलो तेव्हा सुकलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या आणि प्रत्येक भेगेतून लव्हाळा. पुरात झाडं जातात नि लव्हाळे वाचतात, हे शाळेत नम्रतेचा धडा म्हणून घोकलं होतं. माझ्या अनुभवात लव्हाळा अजिबात नम्र नाही.

टाळेबंदीत बागा बंद होत्या. पाणी घालायला दोन दोन माणसांचे पास मिळाले. गवत कमरेएवढं वाढलं. काम दिसत नाही म्हणून बिलात कपात झाली. त्यावर इतकंच.

आबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. आमच्याच एका बागेत संध्याकाळी बाकावर बसतात, ज्येष्ठ नागरिक म्हणून तक्रारवहीत नोंद करतात आणि वहीची तपासणी मला करावी लागते. मागच्या आठवड्यातली नोंद : ‘मेंदी वरून रुंद, खालून अरुंद कापली आहे. खालच्या पानांना ऊन मिळणार नाही. माळ्यास समज द्यावी.’ समज दिली.

सध्या एक नवी बाग हातात आहे. रविवारी उद्घाटन. गुरुवारी मातीचा शेवटचा ट्रक आला, तेव्हा मावशी मागच्या फाळक्यावर चढल्या, हात कोपरापर्यंत मातीत घातला आणि मूठ बाहेर काढून माझ्यासमोर उघडली. काळ्या तीन गाठी, दोऱ्यानं जोडलेल्या. ड्रायव्हर म्हणाला, ताई, एवढं तर सगळीकडेच असतं. साहेब म्हणाले, रविवारपर्यंत हिरवं दिसलं पाहिजे. ट्रक परत गेला. चांगली माती मंगळवारशिवाय मिळत नाही, त्यामुळं फाटकासमोरचा पट्टा उघडाच राहिलाय. मांडववाल्याशी बोलून घेतलं आहे, व्यासपीठ बरोबर तिथंच घालणार आहेत.