झोपेची गोळी मागायला आली होती

मागच्या जुलैमधली गोष्ट आहे. आमचं मेडिकल कर्वेनगरला, पाऊस धो धो चालू होता म्हणून काउंटरवर गर्दी नव्हती. ओळखीतली एक मुलगी आली, शाळेत असल्यापासून बघतोय तिला, आता हिंजवडीला आयटीत आहे. तोंडावरचा स्कार्फ सोडत म्हणाली, दादा एखादी झोपेची गोळी द्या ना, आठ दिवस झाले डोळ्याला डोळा नाही.

चिठ्ठीशिवाय ती गोळी मी देत नाही, तसं सांगितलंच, पण तिचे ओठ कोरडे पडलेले आणि काउंटरवर ठेवलेला हात थरथरत होता ते काही बरं वाटेना. म्हणलं बस जरा, बीपी बघू. १६२/१०४, पल्स ११८. पाच मिनिटं शांत बसवून परत घेतलं तरी तेच. वय २७!

काय घेतेयस म्हणून विचारलं तर आधी काहीच नाही म्हणाली, मग पर्समधून केशरी रंगाची बाटली काढली. अमेरिकेतल्या मावसबहिणीने येताना आणलेली, लेबलवर नाव त्या बहिणीचं, खाली फेंटरमाईन ३७.५ मिलिग्रॅम, दिवसातून एक, सकाळी. डिसेंबरमधे लग्न आहे म्हणून वजन उतरवायला हिने सुरू केलेली, आणि हिची शिफ्ट दुपारची, त्यामुळे घ्यायची चार वाजता. ही गोळी भूक मारते ती मेंदूत नॉरअॅड्रेनलिन नावाचं रसायन वाढवून, तेच हृदयाला पण पळवतं आणि झोपेलाही लांब ठेवतं, शिवाय शरीरातून निम्मी जायलाच वीसएक तास लागतात, मग चारला घेतल्यावर रात्री झोप कुठून येणार. तिकडे सुद्धा ती डॉक्टर तपासून, बीपी बघून, थोडे आठवडेच देतात.

आणि खरं सांगायचं तर मला स्वतःचाच राग आला, कारण चार दिवसांपूर्वी हिला सर्दीची फिनाइलेफ्रिनवाली स्ट्रिप मीच दिली होती, ती पण बीपी वाढवणारीच, आणि दुसरं काही चालू आहे का हे मी विचारलं नव्हतं.

वरच्या मजल्यावर डॉक्टर बसतात, तिथे स्वतः घेऊन गेलो. ईसीजी काढला, ठोके जलद होते पण बाकी ठीक. दोन्ही गोळ्या बंद, झोपेची दिलीच नाही. ती मात्र मला सारखी म्हणत होती, पण दादा ही प्रिस्क्रिप्शनची आहे ना, म्हणजे सेफच असणार. प्रिस्क्रिप्शन बहिणीचं होतं गं, तुझं नाही! २०११ मधे मी या लाईनला नवीन होतो, भूक कमी करणाऱ्या सिब्युट्रामिनवर आपल्याकडे बंदी आली ती हार्ट अटॅक आणि स्ट्रोकचा धोका दिसला म्हणून, ती पण डॉक्टरांनी लिहून दिलेलीच असायची, शेल्फवरच्या स्ट्रिपा मी स्वतः काढून परत पाठवल्यात. आणि १९९७ ला अमेरिकेत फेनफ्लुरामिन बाजारातून काढली ती हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून, लोक ती याच फेंटरमाईनच्या जोडीने घ्यायचे.

दोन आठवड्यांनी बीपी १२४/८०, झोप लागायला लागली होती. सोबत आई होती. काकूंनी तीच बाटली काउंटरवर ठेवली आणि हळूच विचारलं, अहो बऱ्याच उरल्यात, एवढ्या महागाच्या, वाया कशाला घालवायच्या, माझंही वजन वाढलंय, मी घेऊ का?

काकू, दर महिन्याला तुमची बीपीची टेल्मिसार्टन मीच देतो ना, म्हणलं, आणि बाटली उचलून आत ठेवली.