अनुस्वार पडला

परवा रात्री वळवाचा पाऊस झाला आणि सकाळी साडेसातला फोन, "अहो तुमच्या बोर्डाचा ठिपका पडलाय." मंगल कार्यालयाचा बोर्ड, एसीपीवर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पॅनेलवर अ‍ॅक्रेलिकची अक्षरं, दोन वर्षांपूर्वी मीच लावलेला. जाऊन बघतो तर 'मंगल'चं 'मगल' झालेलं आणि दुपारी तिथे लग्न. शिडी लावली, ठिपका गटारीच्या कडेला सापडला, पुसून परत बसवला.

इंग्रजी बोर्डाचं सोपं असतं, एकेक अक्षर कापा आणि लावा. मराठीत शिरोरेषा सलग पाहिजे, म्हणजे अख्खा शब्द एका तुकड्यात कापायचा, आणि अनुस्वार मात्र सुटाच राहतो. रुपयाएवढा गोल तुकडा, डबल टेपवर उभा. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की हात लावता येत नाही, टेप ढिली होते आणि पहिल्या पावसात सगळ्यात आधी तोच खाली येतो. आता मी अनुस्वाराला मागून स्क्रू मारतो, वेळ जातो पण मारतो.

वडील पेंटर होते. भिंतीवर निळीची दोरी मारून वर-खाली रेषा पाडायची आणि मग ब्रश, त्यांचा अनुस्वार कधी पडला नाही कारण तो रंगाचाच होता :) फ्लेक्स आल्यावर भिंती रंगवायची कामं बंद झाली, मग मी कॉम्प्युटर आणि अक्षरं कापायचा प्लॉटर घेतला. फ्लेक्सचं मशीन माझ्याकडे नाही, डिझाईन मी करतो आणि प्रिंट बाहेरून मारून आणतो.

आणि तिथेच एकदा चुकलो ते अजून डोक्यातून जात नाही. रात्री अकराला एकजण आले, आई गेलेली, सकाळी बॅनर पाहिजे. घाईत फाईल कर्व्ह न करताच, म्हणजे अक्षरांचे आकार पक्के न करताच पाठवली, समोरच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नव्हता, आणि सकाळी बॅनर उघडला तर 'भावपूर्ण श्रद्धाजली'. त्या माणसाने काहीच बोललं नाही, नुसतं बघत राहिला. मी जागेवर व्हिनाईलचा, म्हणजे चिकट प्लॅस्टिकचा गोल कापून चिकटवला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून कितीही घाई असू दे, कर्व्ह केल्याशिवाय आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचल्याशिवाय फाईल जात नाही.

गिऱ्हाईक वाचत नाही हो. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ टाकलं की दोन सेकंदात अंगठा येतो, आणि बोर्ड वर चढला की मग गल्लीतला प्रत्येकजण शुद्धलेखन तपासतो. 'आशिर्वाद' लिहून देतात, मी 'आशीर्वाद' करतो, तर म्हणतात बिलबुकावर पहिली वेलांटीच आहे, तशीच ठेवा. मी एकदा समजावून सांगतो, नाही ऐकलं तर त्यांचं दुकान त्यांचं नाव, पण हात जड होतो खरं. आणि भगवा! मोबाईलवर दिसतो तसा भगवा प्रिंटला येतच नाही, मॅजेंटा ६० आणि यलो १०० टक्के ठेवला तरी एका मशीनवर लालसर आणि दुसऱ्यावर पिवळट, म्हणून मोठ्या कामाला आधी फूटभर तुकडा मारून बघतो.

२०२२ मध्ये कायदा बदलला, दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षर दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाही. २०२३ च्या सप्टेंबरात सुप्रीम कोर्टाने मुंबईच्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा आमच्याकडेही लोक विचारायला लागले. मला मनापासून बरं वाटलं. पण बरेचजण म्हणायचे इंग्रजी बोर्ड तसाच ठेवा आणि वर मराठी "बसवा कुठेतरी", रेट तर स्क्वेअर फुटाचाच, अक्षराला वेगळा पैसा कोण देतो. उधारीचं तर बोलायलाच नको, वाढदिवसाचा फ्लेक्स उतरला की पैशाचा विषयपण उतरतो.

त्या कार्यालयाच्या बोर्डावर अजून दोन अनुस्वार आहेत, तेही टेपवरच. पाऊस उघडला की रविवारी ड्रिल घेऊन जातो.