आज टेनर गायले!

व्हर्जिनियात राहायला आल्यापासून ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या प्रकाराचं वेड लागलंय. आजच्या जॅमला, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायच्या-वाजवायच्या बैठकीला, मॅन्डोलिन हे छोटं तंतुवाद्य घेऊन गेले होते. या संगीतात सहसा ड्रम नसतो, ठेका तारांवरच धरायचा. बेस पहिल्या-तिसऱ्या ठोक्यावर, मॅन्डोलिनचा चॉप, म्हणजे तुटक आघात, दुसऱ्या-चौथ्यावर. तारा छेडल्या की लगेच तारा दाबणारी बोटं सैल सोडायची, म्हणजे सूर न घुमता नुसता 'चक्' उरतो. गाणं ज्याचं, त्याच्याकडे नजर ठेवायची: मान हलली की आपला ब्रेक, म्हणजे एकट्यानं वाजवायची पाळी, पाय उचलला की शेवट. खरं सांगते, घरी एकटीनं सोलो घोटण्यापेक्षा दुसऱ्याच्या गाण्याला नुसता चॉप धरण्यात जास्त शिकायला मिळतं.

पण आजचा खरा आनंद गाण्याचा. भजनात सगळ्यांनी एकाच चालीत गायचं, ही लहानपणापासूनची सवय. इथे कोरसमध्ये, म्हणजे ध्रुवपदात, मुख्य चाल दुसरा गातो आणि टेनरवाला तिच्या वरच्या सुरांवरून चालतो. बॅन्जोवाल्या आजोबांनी वाद्य मांडीवर आडवं ठेवून माझी ओळ मला हळूच गाऊन दाखवली. दुसऱ्या कोरसला दोन्ही आवाज असे जुळले की अंगावर काटाच आला!

आता ब्लूग्रासचा जनक मानल्या जाणाऱ्या बिल मन्रोची उंच पट्टीतली गाणी बसवायला घेतेय. रिचमंडच्या आसपास कुणी गाणारं-वाजवणारं असेल तर जरूर कळवा.