दुरुस्तीनंतरचा डेस्कटॉप: आधी सुरू होईना, मग टिकेना

नागपूरच्या महाल भागातील मामांच्या छपाईच्या दुकानातला डेस्कटॉप मदरबोर्डच्या, म्हणजे सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पट्टीच्या, दुरुस्तीहून परत आला आणि त्याचे मूळ दुखणे, म्हणजे बटण दाबूनही पंखासुद्धा न फिरणे, पूर्ण गेले. त्याच्या जागी दोन नवी दुखणी आली. विंडोज सुरूच होत नव्हते, आणि ती अडचण दूर झाल्यावर ते सुरू होऊन काम चालू असतानाच निळ्या पडद्यावर कोसळू लागले. या दोन तक्रारींना एकच बिघाड मानून त्यामागे धावलो असतो, तर काम पुढे सरकले नसते, असे माझे मत आहे.

यंत्र जुने आहे: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर-३ रॅम, साटा केबलने जोडलेली एसएसडी (डेटा साठवणारी डिस्क) आणि विंडोज १०. दुरुस्ती करणाऱ्याने बोर्ड ठीक असल्याचे सांगून ‘आता फक्त फॉरमॅट मारा’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका, असा सल्ला दिला होता. घरगुती वापराच्या यंत्राला तो एक वेळ चाललाही असता. परंतु मामांच्या यंत्रात कोरलड्रॉ या मांडणीच्या सॉफ्टवेअरमधील लग्नपत्रिकांच्या जुन्या फाइली आणि श्री-लिपी या मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरचे युनिकोडपूर्व काळातले फाँट आहेत, आणि ते फाँट जसेच्या तसे परत बसले नाहीत, तर ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. त्यामुळे विंडोज पुन्हा न टाकता कारण शोधायचे, हे आधीच ठरले.

सर्वांत पहिले काम म्हणजे पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून संपूर्ण एसएसडीची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेणे. यातून डेटा सुरक्षित झालाच, शिवाय लिनक्सला जी डिस्क नीट दिसते आणि अडखळल्याशिवाय शेवटपर्यंत वाचता येते, ती मेलेली नाही, हेही कळले. स्मार्ट नोंदींमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या ज्या नोंदी ठेवते त्यांत, खराब होऊन बदललेल्या सेक्टरांचा आकडा शून्य होता. यूडीएमए सीआरसी त्रुटींचा, म्हणजे डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांचा, आकडा मात्र शून्य नव्हता. हा आकडा डिस्कपेक्षा केबलबद्दल अधिक सांगतो आणि तो कधीही खाली येत नाही, म्हणून तो किती आहे यापेक्षा वाढतो आहे का, हेच पाहावे. साटा केबल बदलल्यानंतर तो जिथल्या तिथे थांबला आहे.

मग बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा सेटिंगचा पडदा, उघडले. तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली होती. मदरबोर्डवरील सीआर-२०३२ सेल दुरुस्तीच्या वेळी काढला गेला, याची ही उघड खूण होती, आणि तारखेबरोबर बाकीच्या सेटिंगही कारखान्यातल्या मूळ स्थितीत गेलेल्या असणार हे त्यातून कळत होते. ऑफिसांतून निघालेल्या काही ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये साटा कंट्रोलरची (डिस्क हाताळणाऱ्या भागाची) मूळ सेटिंग एएचसीआय ही साधी पद्धत नसून रेड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत, असते, आणि इथेही तसेच निघाले. सेटिंग बदलली की तोच कंट्रोलर विंडोजपुढे वेगळ्या ओळखीने उभा राहतो. सुरुवातीच्या क्षणी विंडोज फक्त आधीपासून ठरलेला स्टोरेज ड्रायव्हर उचलते, तो या नव्या ओळखीशी जुळत नाही, आणि विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडेनाशी होऊन ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ हा निळा पडदा येतो. सेटिंग परत एएचसीआयवर नेताच डेस्कटॉप उघडला. बूट सेक्टर दुरुस्त करण्याच्या ज्या आज्ञा अशा वेळी सर्रास सुचवल्या जातात, त्यांपैकी एकही द्यावी लागली नाही. बूटची नोंद बिघडलेलीच नसताना त्या दिल्या असत्या, तर चांगले ते बिघडण्याचीच शक्यता अधिक होती.

आधीची सेटिंग कोणती होती हे कोणालाच आठवत नसेल, तर एकट्या डिस्कच्या यंत्रात दोन्ही करून पाहण्यात धोका नाही. खरोखर दोन-तीन डिस्क जोडून रेड केलेले असेल, तर मात्र तिथे नवा व्हॉल्यूम तयार करण्याच्या पर्यायाला हात लावू नये. हीच पडताळणी लेगसी आणि यूईएफआय या यंत्र सुरू करण्याच्या जुन्या-नव्या पद्धतींबाबतही करावी: विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेन ड्राइव्हवरून सुरू करून शिफ्ट व एफ-१० दाबले की कमांड प्रॉम्प्ट उघडतो, आणि तिथे डिस्कपार्ट या आज्ञेने मिळणाऱ्या डिस्कच्या यादीत जीपीटीच्या (डिस्कच्या विभागणीच्या नव्या पद्धतीच्या) रकान्यात तारा असेल, तर त्या डिस्कवरचे विंडोज यूईएफआय पद्धतीनेच सुरू होईल.

दुसरे दुखणे अधिक चिवट होते. विंडोज उघडे, कोरलमध्ये मोठी फाइल आली की कोसळे, आणि दर वेळी कारण निराळे दिसे. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही यंत्र अचानक बंद पडल्याची नोंद उघडली की तपशिलात बगचेक कोड, म्हणजे निळ्या पडद्यामागच्या कारणाचा क्रमांक, दशमान आकड्यात मिळतो. २६ म्हणजे मेमरी मॅनेजमेंट, ८० म्हणजे पेज फॉल्ट, १० म्हणजे आयआरक्यूएलची, ड्रायव्हरने चुकीच्या वेळी मेमरीला हात लावल्याची, तक्रार. कोसळताना विंडोजने लिहून ठेवलेल्या मिनीडंप फाइली विनडीबीजी या तपासणीच्या साधनात उघडल्या, तर एकदा ग्राफिक्स ड्रायव्हरचे नाव, एकदा फाइल सिस्टिमचे, एकदा खुद्द कर्नलचे, म्हणजे विंडोजच्या गाभ्याचे. एकाच ड्रायव्हरचे नाव पुन्हापुन्हा आले असते, तर मी त्याच्यामागे लागलो असतो. दर वेळी नवा आरोपी पुढे येतो, तेव्हा गुन्हेगार सहसा रॅम, तिचा मार्ग किंवा वीजपुरवठा असतो.

मेमटेस्ट ८६ प्लस ही रॅमची चाचणी लावल्यावर काही मिनिटांतच लाल ओळी आल्या. रॅमच्या पट्ट्यांची अदलाबदल केली, तेव्हा त्रुटी पट्टीबरोबर न जाता त्याच स्लॉटवर राहिल्या, म्हणजे पट्ट्या निर्दोष होत्या. स्लॉट फुंकून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनही फरक पडला नाही. या पिढीत मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच आत असतो, आणि प्रोसेसर सॉकेटच्या पिनांवर नीट दाबला गेला नाही, तर एखादे मेमरी चॅनल अर्धवट जोडलेले राहते. म्हणून प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा हीटसिंक उतरवला. एका कोपऱ्याचा स्क्रू तळापर्यंत आवळलेला आणि समोरच्या कोपऱ्यातला जेमतेम धरलेला होता. थर्मल पेस्टही एका बाजूला पापुद्र्याएवढी पातळ आणि दुसऱ्या बाजूला जाड साचलेली होती. मोबाइलचा टॉर्च तिरका धरून भिंगाने सॉकेटच्या पिना ओळीओळीने पाहिल्या. वाकलेली पिन वेगळी चकाकते. तशी एकही दिसली नाही. प्रोसेसर पुन्हा बसवला, नवी पेस्ट लावली, चारही स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडेथोडे आवळले, आणि मेमटेस्ट रात्रभर स्वच्छ चालली.

रॅम निर्दोष ठरेपर्यंत मी सिस्टिम फाइल चेकर (एसएफसी) किंवा चेकडिस्क ही विंडोजची दुरुस्तीची साधने मुद्दाम चालवली नव्हती, कारण बिघडलेल्या मेमरीतून झालेली दुरुस्ती डिस्कवर नवी चूक लिहू शकते. आता आधी डीआयएसएम हे विंडोजचेच दुरुस्तीचे साधन आणि मग एसएफसी चालवल्यावर काही फाइली खरोखर खराब निघाल्या व बदलल्या गेल्या. फास्ट स्टार्टअपही बंद केला आहे. तो चालू असताना ‘शट डाउन’ केले, तरी कर्नलची जुनी अवस्था डिस्कवर ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत येते, त्यामुळे तपासणीच्या काळात गोंधळ वाढतो.

एक तक्रार शिल्लक आहे. भर दुपारी यंत्र अधूनमधून निळा पडदा न दाखवताच बंद पडते. नोंद कर्नल-पॉवर ४१ चीच, पण बगचेक कोड शून्य आणि डंप फाइल नाही. नागपूरच्या मे महिन्यात, त्यातही नवतपा तोंडावर आलेला असताना, पहिला संशय उष्णतेवर जाणे साहजिक आहे. तथापि तापमान मोजणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरच्या नोंदीत बंद पडण्यापूर्वीचे शेवटचे तापमान ८० अंशांच्या खाली आहे, आणि या प्रोसेसरची मर्यादा १०० च्या आसपास आहे. माझा संशय एसएमपीएसवर, म्हणजे यंत्राला वीज पुरवणाऱ्या पेटीवर, आहे, कारण दुकानातला मोठा कूलर त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर आहे आणि तो सुरू होताना ट्यूबलाइट क्षणभर मंदावते. जुन्या एसएमपीएसमधील थकलेले कपॅसिटर विजेच्या दाबातली तेवढी डुबकीही सावरू शकत नसावेत. कूलरला वेगळे सॉकेट दिले आहे आणि दुपारची नोंद चालू ठेवली आहे. त्यानंतरही यंत्र बंद पडलेच, तर बर्डीच्या बाजारातून नवा एसएमपीएस आणायचा, असे मामांशी बोलणे झाले आहे.