फ्युजिबल फ्लीस लावून पिशवी शिवताना

सुती कापडाची पिशवी कितीही नेटकी शिवली तरी रिकामी झाली की अंग टाकते. बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर असे दोन थर असूनही ती उभी राहत नाही आणि आत ठेवलेल्या वस्तूंचे कोपरे बाहेरून दिसतात. मला खांद्याला अडकवायची, रुंद तळाची, टेबलावर ठेवली की आपली आपण उभी राहणारी पिशवी हवी होती आणि त्याच कापडातून लॅपटॉपचं कव्हर. फ्युजिंग कॅनव्हास, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं कडक कापड, मी आधी बऱ्याच ठिकाणी वापरलं होतं. त्याने कापड कडक होतं, पण कागदासारखं. एकदा चुरगळलं की घडी दिसत राहते. इथे जाडी हवी होती आणि तीही मऊ. म्हणून फ्युजिबल, म्हणजे इस्त्रीने चिकटणारा, फ्लीस आणला.

फ्लीस म्हटल्यावर थंडीतल्या जॅकेटचं लोकरीसारखं कापड डोळ्यांपुढे येतं, हा तो नाही. हा पॉलिएस्टरच्या तंतूंचा पातळ थर असतो. तो विणलेला नसतो. काटेरी सुयांनी टोचून टोचून तंतू एकमेकांत गुंतवलेले असतात. एका बाजूला उष्णतेने वितळणाऱ्या डिंकाचे बारीक ठिपके असतात. ती बाजू ओळखायची तर बोट फिरवायचं, खरखरीत लागते. उजेडात तिरकी धरली तर चमकतेही. शिवणाच्या नमुन्यांमध्ये पेलॉन या ब्रँडचा ९८७एफ आणि व्लीझेलीन या ब्रँडचा एच ६३० ही नावं बहुतेक वेळा दिसतात. एच ६४० हा त्यातलाच जास्त जाड प्रकार. पिशव्यांसाठी फोमही मिळतो आणि त्याची पिशवी खोक्यासारखी ताठ उभी राहते, पण शिवून सुलट करताना फोम हाताशी भांडतो. खांद्यावरच्या पिशवीला मला फ्लीसच बरा वाटला.

कापड आधी धुऊन, वाळवून, वाफेच्या इस्त्रीने कडक इस्त्री करून घेतलं. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण टाळता येण्यासारखा नाही. सुती कापड पाण्याने आणि वाफेने आटतं, पॉलिएस्टरचा फ्लीस तसा आटत नाही. न धुतलेल्या कापडाला फ्लीस चिकटवला तर पहिल्याच वाफेत दोघांची मापं वेगळी होतात. फ्लीस मात्र धुवायचा नाही आणि त्याला आधी इस्त्रीही करायची नाही. घडीची रेघ असेल तर तो काही वेळ टांगून ठेवला तरी बराच सैल होतो.

मग चाचणी. कापडाचा आणि फ्लीसचा तळहाताएवढा तुकडा घेऊन आधी तो चिकटवला. मला विचाराल तर या सगळ्या कामातला हाच भाग सगळ्यात मोलाचा, कारण प्रत्येक इस्त्रीचा ताप वेगळा, प्रत्येक कापडाची जाडी वेगळी आणि पाकिटावरचे सेकंद सरासरीने लिहिलेले. इस्त्रीवरचे ठिपके आंतरराष्ट्रीय खुणांप्रमाणे असतात: एक ठिपका साधारण ११० अंश सेल्सियस, दोन ठिपके १५०, तीन ठिपके २००. फ्लीससाठी दोन ठिपके, म्हणजे लोकरीचा आकडा, पुरतो. तीनवर नेलं तर सुती कापडाला काही होत नाही, खालचा पॉलिएस्टर मात्र आकसतो.

तुकडा पूर्ण गार झाल्यावर एका कोपऱ्यातून नखाने फ्लीस सोलून पाहिला. कापडावर फ्लीसचे तंतू चिकटून राहिले, फ्लीस मधूनच फाटू लागला, तर डिंक नीट बसला असं समजायचं. ठिपक्यांसकट फ्लीस स्वच्छ सुटून आला तर ताप किंवा वेळ कमी पडला. आणि कापडाच्या सुलट बाजूला ठिपक्यांचे गडद डाग उमटले तर दोन्ही जास्त झाले. याच तुकड्यावर आणखी एक गोष्ट कळते. गार झाल्यावर तुकडा वाकडा होत असेल तर तो ज्या बाजूला वळतो, ती बाजू आटली. कापड आतल्या अंगाला असेल तर कापड पुन्हा धुवायला टाकायचं. फ्लीस आतल्या अंगाला असेल तर इस्त्रीचा ताप उतरवायचा.

आता खरं काम. इस्त्रीच्या टेबलावर फ्लीस खाली, डिंकाची बाजू वर; त्यावर कापडाची उलट बाजू टेकेल असं कापड. म्हणजे इस्त्री कापडावर येते आणि उष्णता वरून डिंकापर्यंत पोचते. फ्लीसवर थेट इस्त्री ठेवली की तो चपटा होतो आणि ज्या मऊपणासाठी आणला तोच जातो. कापडावर ओलं करून घट्ट पिळलेलं पातळ सुती फडकं. वाफ कापडातून आरपार जाते आणि डिंकापर्यंत उष्णता लवकर नेते. कोरड्या इस्त्रीने तेच काम हळू आणि अर्धवट होतं.

इस्त्री फिरवायची नाही. कपडे इस्त्री करणाऱ्या हाताला ही सवय मोडायला वेळ लागतो. मधोमध टेकवायची, दहा ते पंधरा सेकंद मनात मोजायचे, उचलायची आणि आधीच्या जागेवर थोडी चढेल अशी शेजारी पुन्हा टेकवायची. फिरवली तर कापड इस्त्रीपुढे सरकत जातं आणि त्याची चुणी तिथेच चिकटते. मधून कडेकडे गेलं की अडकलेली हवा बाहेर निघत जाते. इस्त्रीच्या बुडाला वाफेची भोकं असतात, त्यांच्याखाली दाब पडत नाही. म्हणून एकावर एक चढवत जाणं महत्त्वाचं. फ्लीस कापडापेक्षा कुठेही बाहेर डोकावत असेल तर डिंक थेट इस्त्रीला लागतो. त्या कडेला मी बेकिंगचा कागद टाकते. बुडाला डिंक लागलाच तर इस्त्री गरम असतानाच जुन्या जाड सुती कापडावर घासून काढायची, नाहीतर तो डाग पुढच्या कपड्यावर उतरतो.

त्यानंतर हात बांधून बसायचं. व्लीझेलीनच्या सूचनांमध्ये चिकटवलेला तुकडा साधारण अर्धा तास सपाट ठेवून गार होऊ द्यायला सांगतात आणि ते अगदी बरोबर आहे. गरम असताना डिंक मऊच असतो. तेव्हा कड उचलून पाहिली तर ती सुटणारच. मग माणसाला वाटतं चिकटलंच नाही, पुन्हा इस्त्री, पुन्हा उचलून पाहणं, आणि फ्लीस निष्कारण दाबला जातो. फ्लीस चिकटत नाही अशा तक्रारींतल्या निम्म्या तरी गरम तुकड्यावर केलेल्या असाव्यात, असा माझा कयास आहे.

चिकटवलेला फ्लीस कायमचा राहील या भरवशावर मात्र मी राहत नाही. डिंकाचं काम शिवेपर्यंत थर जागेवर धरून ठेवणं. पिशवी वापरात आली, दुमडली, धुतली की तो जागोजागी सुटू लागतो आणि कापडाला फुगे येतात. म्हणून पिशवीच्या दोन्ही बाजूंवर तिरक्या टिपा मारल्या, साधारण पाच सेंटीमीटर अंतराने. यासाठीच कापड आणि फ्लीसचे तुकडे नमुन्यापेक्षा मोठे ठेवले होते. टिपा मारल्या की तुकडा सगळीकडून थोडा आखडतो, त्यामुळे अंतिम माप त्यानंतर बेतायचं.

मशीनला नव्वद नंबरची सुई, टाका तीन ते साडेतीन मिलिमीटर आणि वॉकिंग फूट, म्हणजे वरचा थरही खालच्याबरोबर सरकवणारा मशीनचा पाय. साधा फूट वरचा थर पुढे ढकलतो आणि टिपेच्या शेवटी कापडाची वळकटी साचते. पहिली टीप मधोमध, मग तिच्या दोन्ही बाजूंना, आणि सगळ्या टिपा एकाच दिशेने. एक वरून खाली आणि पुढची खालून वर मारली तर दोन टिपांमधलं कापड तिरकं ओढलं जातं. रेघा टेलरच्या खडूने आखल्या. उष्णतेने पुसल्या जाणाऱ्या पेनाची सोय मोठी, पण ती शाई थंडीत परत दिसू शकते, त्यामुळे सुलट बाजूवर मी ते पेन वापरत नाही. काम संपल्यावर बॉबिनचा कप्पा उघडून ब्रश फिरवायचा. फ्लीसचा भुसा तिथे भरपूर जमतो.

आता जोडणी. इथे थर वाढतात: फ्लीस, कापड, पुन्हा कापड, पुन्हा फ्लीस. टाचण्या वाकतात, म्हणून क्लिपा. शिवण एक सेंटीमीटर माया, म्हणजे टिपेबाहेरची कड, सोडून घातली आणि मग बारीक टोकाच्या कात्रीने मायेतला फ्लीस टिपेपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून कातरला. कात्री कापडाला समांतर, जवळजवळ आडवी धरायची आणि फ्लीस डाव्या हाताने कापडापासून सोलत पुढे जायचं. तेवढ्या जोराने तो सुटून येतो. काहीजण फ्लीस आधीच मायेइतका लहान कापतात. तेही चालतं, मात्र फ्लीसची कड टिपेत दोन मिलिमीटर तरी सापडली पाहिजे. कड टिपेच्या अलीकडेच थांबली तर ती नुसत्या डिंकावर टिकते आणि आत गोळा होते.

तळाच्या कोपऱ्यांत हे कातरणं फार उपयोगी पडतं. चौकोनी तळासाठी बाजूची शिवण आणि तळाची शिवण समोरासमोर आणून आडवी टीप मारायची असते, आणि दोन्ही शिवणींची माया तिथे एकत्र येते. एक माया एका बाजूला, दुसरी उलट बाजूला दुमडली तर सुई सहज जाते. शिवणीची माया दाबून बसवण्यासाठी इस्त्रीऐवजी बोटं किंवा लाकडी रोलर घेतला, म्हणजे आजूबाजूचा फ्लीस दबत नाही.

खांद्याच्या पट्ट्यासाठी दहा सेंटीमीटर रुंद कापड चार पदरी दुमडलं आणि मधल्या रेघेलगत एकाच पदरात जेमतेम अडीच सेंटीमीटरची फ्लीसची पट्टी लावली. चारही पदरांत फ्लीस घातला तर पट्टा एवढा जाड होतो की सुई थांबते. मॅग्नेटच्या बटणामागे फ्लीसचा काही आधार नसतो. तिथे कॅनव्हासचा तुकडा आणखी लावला. अस्तराला फ्लीस लावला नाही, फक्त ते दोन-तीन मिलिमीटर लहान बेतलं, कारण फ्लीस आतली जागा खातो आणि मापाचं अस्तर आत झोळ पडून लोंबतं. सुलट करण्यासाठी अस्तराच्या तळाला नेहमीपेक्षा मोठी फट ठेवली, हात मुठीसकट जाईल एवढी.

लॅपटॉपच्या कव्हरचं माप घेताना फ्लीस लॅपटॉपला गुंडाळून वरून टेप धरला. वहीत लिहिलेल्या लांबी-रुंदीवर बेतलं तर कव्हर तंग होतं. चेनच्या कडेपासून फ्लीस अर्धा-पाऊण सेंटीमीटर मागे ठेवला, नाहीतर चेनचा फूट एका बाजूने उंच चढून टीप तिरकी जाते. या कव्हराने ओरखडे वाचतात, लॅपटॉप हातातून पडला तर मात्र एवढ्या जाडीचा फारसा उपयोग नाही. आणि गरम भांडं धरायच्या किंवा ठेवायच्या वस्तूंसाठी हा फ्लीस मुळीच नको. पॉलिएस्टर आणि डिंक दोन्ही तापाने मऊ होतात. तिथे सुती वॅडिंग, म्हणजे कापसाचा थर, किंवा उष्णता अडवण्यासाठीच बनवलेला थर लावायचा.

धुताना पिशवी गार पाण्यात हाताने धुते, पिळत नाही, आकार देऊन सपाट वाळवते. वाळल्यावर कुठे फुगा दिसला तर कापडाच्या बाजूने ओलं फडकं ठेवून पुन्हा दहा-पंधरा सेकंद इस्त्री टेकवली की बऱ्याचदा तो बसतो, कारण तोच डिंक परत वितळतो.

उरलेल्या पट्ट्या टाकून देत नाही. दोन कडा सरळ कापून, एकमेकींना भिडवून, एकीवर दुसरी न चढवता रुंद झिगझॅग टाक्याने जोडल्या की छोट्या पाऊचपुरता सलग तुकडा होतो. जोडताना डिंकाची बाजू दोन्हीकडे वरच आहे ना, एवढं बोटाने तपासायचं. बाकीचा फ्लीस घडी न घालता गुंडाळून ठेवलाय.