आवाज भरपूर होता, शब्द नव्हते

‘शेवटच्या बाकांवर काही कळत नाही’ अशी तक्रार घेऊन चर्चचे लोक माझ्याकडे, म्हणजे ध्वनियंत्रणा लावणाऱ्याकडे, येतात, तेव्हा त्यांचं पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘अजून दोन बॉक्स लावून द्या.’ त्यांना वाटतं आवाज कमी पडतोय. आवाज भरपूर असतो. कमी पडतात ते शब्द.

मी ज्या चर्चचं काम केलं तिथेही तेच होतं. उंच कमानी, दगडी भिंती, गुळगुळीत फरशी, गाद्या नसलेली लाकडी बाकं. रिकाम्या चर्चमध्ये मधोमध उभं राहून टाळी वाजवली, तर तिचा घुमारा विरायला चार सेकंदांहून जास्त वेळ लागत होता. माणूस सावकाश वाचतानासुद्धा सेकंदाला चार-पाच अक्षरं बोलतो. म्हणजे वाचकाच्या तोंडून नवं अक्षर निघतं, तेव्हा मागची पंधरा-वीस अक्षरं अजून छताखाली फिरत असतात. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातलं व्याख्यानगृह असंच वाया गेलं होतं. तिथला घुमारा साडेपाच सेकंद टिकायचा. वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाने रात्री-अपरात्री खुर्च्यांच्या गाद्या आत-बाहेर करून मोजमापं घेतली आणि घुमाऱ्याचं सूत्र मांडलं. खोलीचं घनफळ किती आणि आतल्या वस्तू नि माणसं आवाज किती शोषतात, एवढ्याच दोन गोष्टी त्यात येतात. आवाज किती मोठा, याला त्या सूत्रात जागाच नाही. अँप्लिफायर वाढवला की शब्द वाढतो, तसाच त्याच्यामागचा घुमाराही तेवढाच वाढतो. हे कितीही वेळा सांगितलं तरी समितीतलं कोणीतरी मिक्सरजवळ येऊन ‘जरा वाढवा ना’ म्हणतंच.

आधी ज्याने काम केलं होतं त्याने वॅट विकले होते. प्रत्येक खांबावर एक मोठा बॉक्स, आणि सगळ्यांना एकाच क्षणी एकच सिग्नल. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर चालतो. वेदीजवळच्या स्पीकरपासून मधला खांब अठरा मीटरवर. त्या खांबाशी बसलेल्या माणसाच्या कानात डोक्यावरच्या बॉक्सचा शब्द आधी पडतो, आणि पुढच्या स्पीकरमधला तोच शब्द ५२ मिलिसेकंदांनी मागून येतो. तीसेक मिलिसेकंदांच्या आतला फरक कान सांधून घेतो. पन्नासच्या पुढे गेलं की ‘स’ चे दोन ‘स’ होतात. असे सहा खांब. मी मोठे बॉक्स उतरवले. वेदीच्या दोन्ही बाजूंना सडपातळ कॉलम स्पीकर लावले. ते आवाज वर-खाली सांडू न देता आडव्या पट्ट्यात फेकतात, त्यामुळे तो छतावर न जाता माणसांच्या डोक्यांवर पडतो. खांबांवर लहान स्पीकर, कमी उंचीवर, आणि त्यांना डिले, म्हणजे आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडणं: मधल्या खांबाला ६५ मिलिसेकंद, म्हणजे गणितापेक्षा थोडा जास्तच. त्यामुळे पुढचा आवाज आधी पोचतो आणि शब्द खांबातून नाही, वाचकाच्या तोंडूनच येतोय असं वाटतं. वाचनमंचाच्या माईकवर १५० हर्ट्झच्या खालचा सगळा खर्ज कापला. अर्थ ज्या व्यंजनांत असतो ती दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात राहतात, तो पट्टा मोकळा केला. हे मांडून झाल्यावर शेवटच्या बाकावर बसलो, एका मुलाला पुढून कुजबुजत वाचायला लावलं आणि शब्दन्‌शब्द कळला. या कामाचा मला अभिमान आहे.

पण स्पीकर हे निम्मंच काम असतं. उरलेलं निम्मं बोटांचं, आणि ते मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनाविधीची, रचना माहीत असल्याशिवाय होत नाही. धर्मगुरूंच्या काही प्रार्थना सगळ्यांनी ऐकायच्या असतात, तर काही त्यांनी मनाशी, हलक्या आवाजात म्हणायच्या असतात: शुभवर्तमानाआधीची, हात धुतानाची. त्या वेळी कॉलरमाईक बंद हवा. गाण्याच्या वेळीही बंद हवा, नाहीतर फादरांचा एकट्याचा आवाज सगळ्या भाविकांवर बसतो. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टी येण्याआधी हाताशी असलेली जागा तीन डेसिबलने घटते. इथे नेहमी सात-आठ उघडे असायचे. कीबोर्डवाल्याला तर प्रार्थनेखाली हळूच सूर धरून बसायची सवय. रोमन मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत, परिच्छेद ३२ मध्ये, धर्मगुरू सगळ्यांनी ऐकायच्या प्रार्थना म्हणत असताना ऑर्गन आणि इतर वाद्यं शांत असावीत असं स्पष्ट म्हटलं आहे. ते दाखवूनही तो फादरांना न विचारता थांबला नाही.

गुड फ्रायडेला सगळ्याचा कस लागणार होता. त्या दिवशी मिस्सा नसते. वेदी उघडी असते, तिच्यावर कापडही नसतं. चर्च मात्र दारापर्यंत भरलेलं. माणसांच्या अंगावरचे कपडे आवाज शोषतात, त्यामुळे भरलेल्या चर्चमध्ये घुमारा बराच खाली येतो; त्या भरवशावर मी आदल्या दिवशीची मांडणी थोडी उजळ, म्हणजे वरचे सूर जरा जास्त, ठेवली होती.

योहानच्या शुभवर्तमानातलं दुःखसहनाचं वाचन तिघांनी करायचं होतं: येशूचे शब्द फादरांकडे, एक निवेदक, आणि पिलात-पेत्र वगैरे बाकीच्यांसाठी एक वाचक. तिघांना तीन माईक, तिन्ही सतत उघडे, ही नेहमीची पद्धत. मी पोथीची प्रत पुढ्यात ठेवली आणि ज्याची ओळ त्याचाच माईक वर, बाकीचे दोन अर्ध्यावर, असं शेवटपर्यंत केलं. निवेदकबाईंना एवढंच सांगितलं होतं, की वाक्य संपलं की थांबा, घाई नको, शेवटचं अक्षर गिळू नका. त्यांनी ते तंतोतंत पाळलं. येशूने मस्तक लववून प्राण सोडला, या ओळीनंतर सगळे गुडघे टेकतात आणि काही क्षण कोणी काही बोलत नाही. मी सगळे फेडर, म्हणजे मिक्सरवरच्या आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या कळा, खाली घेतले. त्या शांततेत स्पीकरमधून ना सळसळ आली ना विजेची घरघर, ऐकू आला तो फक्त बाकांचा आणि गुडघ्यांचा आवाज. पूर्वी या क्षणी बॉक्स गुणगुणायचे, असं नंतर फादर म्हणाले.

मग क्रूसाचं वंदन. फादर दारापासून क्रूस घेऊन येतात, तीन ठिकाणी थांबून गातात. कॉलरमाईक चहूबाजूंनी आवाज घेतो आणि वाट थेट खांबांच्या स्पीकरखालून जाते. ते जसे पुढे सरकले तसा त्या-त्या खांबाचा आवाज उतरवत गेलो. शिट्टी आली नाही.

आणि त्यानंतर जे झालं त्यासाठी हे लिहितो आहे.

वंदनाला रांग लागते, ती संपायला वेळ जातो. गायनवृंदाने सगळ्यांना पाठ असलेलं एक जुनं गीत सुरू केलं. गायनवृंदाला माझ्याआधीच चार माईक दिलेले होते. दुसऱ्या कडव्याला मागच्या बाकांतून गुणगुण ऐकू यायला लागली, पण स्पीकरमधून गायनवृंद इतका पुढे होता की लोक ओठ हलवून गप्प होत होते. मी गायनवृंदाचा फेडर हळूहळू खाली आणला, अगदी शून्यापर्यंत. तिसऱ्या कडव्याला चर्च गायला लागलं. मागून, बाजूने, रांगेतल्या माणसांकडून. तो घुमारा, ज्याच्याशी मी इतका झगडलो होतो, तोच आता सगळ्यांचे आवाज एकत्र बांधत होता. चर्चच्या समितीला भिंतींवर आवाज शोषणारे फलक लावायचे आहेत. मी त्याला विरोध करतो तो याचसाठी. भाषणाला कोरडी खोली बरी, पण कोरड्या खोलीत प्रत्येकाला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि माणूस गायचा थांबतो.

विधी संपल्यावर गायनवृंदाच्या प्रमुख बाई सरळ माझ्याकडे आल्या. “आमचा आवाज बंद केलात?”

“स्पीकरमधून बंद केला, बाई. लोक गात होते.”

“लोक मागे पडत होते. ते कोण सांभाळणार? आणि कधी कोणी गायचं हे तुम्ही कधीपासून ठरवायला लागलात?”

मागे ठेवलेल्या रेकॉर्डरवरचं मी घरी ऐकलं. बाईंचं म्हणणं खरं आहे. चर्च छत्तीस मीटर लांब आहे, मागचा माणूस पुढचा सूर शंभरेक मिलिसेकंद उशिरा ऐकतो, तो उशिरा गातो, त्याचं ऐकून त्याच्या पुढचा. चौथ्या कडव्यापर्यंत लय चांगलीच ओढली गेली आहे. तरीही त्या रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते या चर्चमध्ये मी आधी ऐकलेलं नव्हतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेत भाविकांचा सक्रिय सहभाग हवा असं म्हटलं, त्याचा आवाज असाच असणार. सर्वसाधारण सूचनांच्या परिच्छेद ३११ मध्ये धर्मगुरू, डीकन (त्यांचे दीक्षित साहाय्यक) आणि वाचक आधुनिक साधनांच्या मदतीने लोकांना नीट ऐकू यावेत असं आहे. माझं काम मी तिथवर धरत आलो. लोकांनी एकमेकांना ऐकावं, हेही माझ्या कामात येतं का? आणि येत असेल, तर त्यासाठी गायनवृंदाची महिनाभराची तालीम खाली उतरवायचा अधिकार फेडरवरच्या बोटाला कोणी दिला?

बाईंना मी रेकॉर्डिंग पाठवलं आहे, ओढलेल्या लयीसकट. ईस्टरच्या जागरणविधीसाठी एक तोडगा सुचवला: ग्लोरिया या स्तुतिगीताला ऑर्गन परत सुरू होईल तेव्हा गायनवृंद पूर्ण वर, पण सगळ्यांच्या गीतांना एकच गायक माईकवर, तोही प्रत्येक कडव्याची पहिली ओळ धरून देऊन मागे सरकणारा. लय त्याच्याकडे, बाकीचं लोकांकडे. फादरांना म्हटलं, हे तुम्ही ठरवा, मिक्सरवर बसलेल्याने ठरवायची ही गोष्ट नाही. फादर म्हणाले, “आधी बाईंशी बोला.” बाईंनी अजून उत्तर दिलेलं नाही.