हरण्या लागलेले रानडुक्कर: एका राक्षसाच्या घडणीचा माझा अनुभव

मागच्या वर्षी श्रावणात मी स्वतः रचलेला पहिला राक्षस नऊ फेऱ्यांनी, म्हणजे घड्याळाच्या हिशेबाने पावणेतीन तासांनी मेला, आणि तो मेल्याचा आनंद त्याला मारणाऱ्या चौघांपैकी कुणालाही झाला नाही. भुसावळला आम्ही पाच जण दर रविवारी रात्री आमच्या गच्चीवर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा फासे टाकत, गोष्ट रचत खेळायचा खेळ खेळतो. रेल्वेत नोकरीला असलेला एक मित्र, त्याची पत्नी, म्हणजे आमची वहिनी, माझा मावसभाऊ आणि जळगावला वकिली करणारी, मूळची रावेरकडच्या केळीवाल्या घरातली एक मैत्रीण हे चौघे खेळाडू, आणि गोष्ट चालवणारा डीएम मी. खेळाची पाचवी आवृत्ती आम्ही वापरतो, भाषा मात्र मराठी आणि रंगात आल्यावर अहिराणी. त्या रात्री सातव्या फेरीला मावसभावाने फासा टाकण्याआधी मोठी जांभई दिली आणि विचारले, “दादा, हाई काय शे? भिंत शे का जनावर?”

प्रश्न रास्त होता. जादूने विकृत झालेले जनावर रचायचे म्हणून मी एका रानडुकराला पंख लावले, तोंडातून आग काढली, विषाचा परिणाम निम्माच होईल अशी ताकद दिली, एका पाळीत तीन हल्ले दिले आणि वर आर्मर क्लास, म्हणजे वार बसायला फाशावर गाठायचा आकडा, १६ व हिट पॉइंट, म्हणजे मरेपर्यंत सोसायची ताकद, १३० ठेवले. कागदावर ते भयंकर दिसत होते. नंतर शांतपणे गणित मांडले तेव्हा चूक उघडी पडली. आमच्यासारख्या तिसऱ्या पातळीवरच्या पात्राला हल्ल्याच्या फाशावर साधारण ५ मिळवता येतात, म्हणजे १६ गाठायला वीस बाजूंच्या फाशावर ११ किंवा अधिक हवेत, आणि ती शक्यता बरोबर निम्मी आहे. बसलेला वार सरासरी साडेसातचा. चौघांचे मिळून एका फेरीत पंधरा. १३० भागिले १५ केले की नऊ फेऱ्या येतात, आणि आमच्या टेबलावर एका फेरीला सुमारे अठरा मिनिटे लागतात, कारण मधे चहा असतो आणि वहिनींना प्रत्येक मंत्राचे वर्णन पुन्हा वाचायचे असते.

डीएमसाठीच्या २०१४ च्या मार्गदर्शक पुस्तकात राक्षसाची ताकद ठरवण्याचा एक तक्ता दिलेला आहे. त्यात बचावाची पातळी आणि हल्ल्याची पातळी वेगवेगळी काढून त्यांची सरासरी घेतात, आणि जो आकडा येतो त्याला चॅलेंज रेटिंग म्हणतात. १३० हिट पॉइंट त्या तक्त्यात पातळी ४ च्या ओळीत बसतात. त्या ओळीचा अपेक्षित आर्मर क्लास १४ आहे आणि माझा दोनने जास्त होता, म्हणून बचाव आणखी एक पायरी चढून ५ झाला. हा तक्ता मी आधी पाहिला नव्हता असे नाही. पाहिला होता, पण तो मला हिशेबनिसाचा उद्योग वाटला आणि कल्पनाशक्तीच्या जोरावर आपण त्याच्या वरचे आहोत असा माझा समज होता.

दुसरी चूक आकड्यांपेक्षा खोल होती, आणि ती मला एका जुन्या गोष्टीमुळे कळली. या खेळातले घुबडाचे डोके आणि अस्वलाचे धड असलेले प्रसिद्ध जनावर १९७५ च्या एका पुरवणीत पहिल्यांदा छापले गेले. त्याचा उगम मोठा गमतीदार आहे. खेळाच्या दोन जनकांपैकी एक, गॅरी गायगॅक्स, यांना हाँगकाँगमध्ये बनलेल्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांची एक पिशवी मिळाली होती, आणि त्यातल्या वेड्यावाकड्या प्राण्यांवरून त्यांनी ते घुबडअस्वल आणि लोखंड गंजवून खाणारा किडा, असे राक्षस बेतले. मला या दोघांत गंजवणारा किडा अधिक शहाणा वाटतो. त्याच्यामुळे सहसा कुणी मरत नाही, पण तो समोर आला की चिलखत घातलेला योद्धा मागे पळतो आणि नुसती काठी घेतलेला मंत्रज्ञ पुढे होतो. त्याच्या एकाच खोडीने टेबलावरच्या सगळ्यांची जागा बदलते. माझ्या पंखवाल्या डुकराकडे चार खोड्या होत्या आणि त्यांपैकी एकीनेही कुणाला जागचे हलवले नव्हते. चौघे त्याला घेरून उभे राहिले आणि पाळीपाळीने मारत राहिले, एवढेच.

तरीही नवे काय करावे हे सुचायला पोळा उलटला. मैत्रिणीच्या वडिलांनी आम्हाला शेतावर बोलावले होते. बागेत शिरलो तर काकांचे दोन गडी केळीची झाडे मुळासकट उपटून बांधाबाहेर नेत होते. वरून पाहिले तर झाडे हिरवी होती. काकांनी एक पान वाकवून माझ्या हातात दिले, तेव्हा त्यावर शिरांच्या मधून गेलेले फिकट पिवळे, तुटक पट्टे दिसले. मधला पोंगा, म्हणजे न उलगडलेले कोवळे पान, त्यांनी बोटाने ओढला तर तो कुजलेल्या कांद्यासारखा अलगद हातात आला. “हरण्या,” काका म्हणाले. शास्त्रीय भाषेत हा कुकुंबर मोझॅक व्हायरस, आपल्याकडे सीएमव्ही म्हणूनही ओळखतात. ढगाळ, पावसाळी हवेत तो जोर धरतो, मावा त्याला एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो, आणि काकडीवर्गीय पिके, मिरची, टोमॅटो यांच्यावरही तो नांदतो, म्हणून केळीत ती पिके घेऊ नका असे सांगतात. लागण झालेल्या झाडाला औषध नाही, ते उपटून नष्ट करायचे एवढाच उपाय. मी काकांना विचारले की चांगल्या दिसणाऱ्या झाडांचे काय. ते म्हणाले, “भाऊ, चांगलं दिसतं त्याचीच भीती जास्त.”

त्या एका वाक्यात मला हवे असलेले सगळे होते. घरी येऊन मी वहीचे नवे पान काढले आणि या वेळी जनावराऐवजी कारणापासून सुरुवात केली. आमच्या काल्पनिक खोऱ्याच्या उत्तरेला सातपुड्यासारखा डोंगर आहे आणि त्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातल्या उनपदेवसारखे, गरम पाण्याचे कुंड आहे. एका मांत्रिकाने आपले फसलेले प्रयोग वर्षानुवर्षे त्या कुंडात ओतले. ते पाणी पाटाने बागेत उतरले, केळीच्या कंदाने ते शोषले, कंद उकरून खाणाऱ्या रानडुकराच्या अंगात ते गेले, आणि डुकराच्या केसांत पोसलेल्या माव्याने ते माणसांपर्यंत आणले. साखळी एवढी स्पष्ट मांडल्यावर पंख आणि आग आपोआप गळून पडली, कारण केळीचा कंद खाऊन पंख का फुटावेत याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. शिवाय साखळी असली की खेळाडू ती कुठेही तोडू शकतात, मग ते पाट फोडोत, बाग जाळोत की डुक्कर मारोत, हा फायदा मला नंतर लक्षात आला.

आकडे मात्र या वेळी रीतसर केले. खेळाचे मूळ नियम २०२३ च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले असल्याने त्यातले साधे रानडुक्कर आणि महाकाय रानडुक्कर समोर ठेवले. साध्याचे हिट पॉइंट ११ आणि आर्मर क्लास ११, महाकायाचे ४२ आणि १२. महाकायाचा सांगाडा घेऊन मी त्याचे आयुष्य वाढवले. मोठ्या आकाराच्या प्राण्याला दहा बाजूंचा फासा मिळतो, त्याची सरासरी साडेपाच, त्यात काटकपणाचे ३ मिळवले की दर फाशाला साडेआठ होतात. असे नऊ फासे धरले आणि ७६ हिट पॉइंट आले. आर्मर क्लास १३ ठेवला, म्हणजे खेळाडूंचे शंभरात पासष्ट वार बसतील, चौघांचे मिळून फेरीला साडेएकोणीस होतील, आणि जनावर चार फेऱ्यांत पडेल. चार फेऱ्या म्हणजे आमच्या टेबलावर सव्वा तास. मला तेवढाच हवा होता.

सुळ्याचा वार सरासरी १०, आणि धावत येऊन मारला तर आणखी ७. हल्ले दोन ठेवले, पण ते दोन वेगळ्या लक्ष्यांवरच व्हावेत अशी अट घातली, कारण वहिनींच्या मंत्रज्ञ पात्राचे एकूण हिट पॉइंट १७ आहेत आणि एकाच पाळीत दोन्ही सुळे लागले असते तर त्या आडव्या झाल्या असत्या. पहिल्याच फेरीत आडव्या झालेल्या वहिनी त्यानंतर दोन तास माझ्याकडे ज्या नजरेने पाहतात ती मी एकदा अनुभवलेली आहे. गणिताने या जनावराची पातळी २ आली. कमी वाटली, तरी मी ती वाढवली नाही, कारण खरी भीती आकड्यांत नव्हती.

ती पट्ट्यात होती. डुकराला जवळून मारणाऱ्याने काटकपणाचा सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, टाकायचा, १३ गाठायचे. आमच्या योद्ध्याला ते साठ टक्के वेळा जमते, मंत्रज्ञाला पंचेचाळीस टक्के. चुकला तर मावा अंगावर येतो आणि कातडीवर पिवळा पट्टा उमटतो. पट्टा असेपर्यंत जादूने होणारा उपचार निम्माच लागू पडतो, आणि पट्टेवाल्याच्या पाच फुटांच्या आत जो आपली पाळी संपवेल त्यालाही तोच थ्रो टाकावा लागतो. पट्टा काढायचा तर पूर्ण पाळी खर्चून अंग घासून काढायचे. जखमेत एका पॉइंटचीही भर न घालणारा हा नियम आहे, पण त्यामुळे जखमी मित्राजवळ जायचे की नाही हा प्रश्न दर पाळीला पडतो.

पहिल्या मसुद्यात पट्ट्याच्या तीन अवस्था होत्या, दर दिवशी वाढणाऱ्या, आणि चौथ्या दिवशी पोंगा कुजावा तशी स्मृती कुजायची. मला ते फार सुंदर वाटत होते. मावसभावाला स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसवून चाचणी घेतली, तेव्हा दुसऱ्याच फेरीत कोण कितव्या अवस्थेत आहे हे त्यालाही आठवेना आणि मलाही. अवस्था काढून टाकल्या. त्याऐवजी हळदीत भिजवून वाळवलेल्या दोऱ्याचे तुकडे केले आणि ज्याला पट्टा लागेल त्याने तो मनगटाला बांधायचा असे ठरवले. लिहून ठेवायची गरजच उरली नाही. नियम रचणाऱ्याला जे सुंदर वाटते त्यातले निम्मे खेळणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे असते, आणि कोणते निम्मे ते ओट्याशी बसल्याशिवाय कळत नाही.

खेळ झाला तो मार्गशीर्षात, काकांच्याच शेतावर, भरीताच्या निमित्ताने. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजून झाली होती, जेवण उरकले होते आणि निखाऱ्याशेजारी सतरंजीवर चौकटींचा कागद पसरला होता. एक चौकट म्हणजे पाच फूट. डुक्कर म्हणून बाजारातून आणलेले रबरी खेळणे होते, माव्याच्या थव्यासाठी ज्वारीचे दाणे. पहिल्या फेरीत योद्धा झालेला रेल्वेवाला मित्र सवयीप्रमाणे थेट जाऊन भिडला आणि मनगटाला दोरा बांधून बसला. दुसऱ्या फेरीत मावसभावाची वैद्य व्यक्तिरेखा त्याच्याकडे धावली, चौकटीपर्यंत पोहोचली, आणि बोट कागदावरच ठेवून थांबली. “जवळ गेलो की मलाही लागणार, आणि बरा होणार तो निम्माच. आते काय करानं?” जवळजवळ दोन मिनिटे कुणी बोलले नाही. मग वहिनींनी त्याला ओरडून मागे व्हायला सांगितले, स्वतः लांबून आगीचे बाण सोडले, आणि माझ्या चौकटींच्या कागदावर पहिल्यांदा सगळी माणसे एकमेकांपासून दूर पांगली. डुक्कर चौथ्या फेरीत शून्यावर आले, पण मूळ जनावराची एकदा मरण चुकवून एका पॉइंटवर उभे राहण्याची खोड मी तशीच ठेवली होती, म्हणून ते पाचवीत पडले.

माझ्या हिशेबाने इथे खेळ संपणार होता. मित्राने विचारले की डुकराचे बीळ शोधता येईल का, आणि मी वेळ भरून काढण्यासाठी, काही विचार न करता सांगून टाकले की झुडपात तीन पिले आहेत, अजून दूध पिणारी, अंगावर पट्टा नाही. वहिनींनी लगेच ती उचलून घ्यायचे ठरवले. तेव्हा आमची वकील मैत्रीण, जी रात्रभर फारशी बोलली नव्हती, निखाऱ्याकडे बघत म्हणाली, “झाडाला हरण्या असला तर आमच्याकडे पिलं पण उपटतात. पट्टा दिसायची वाट नाही बघत.” केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबालाही आपण पील म्हणतो हे मला इतक्या महिन्यांत एकदाही सुचले नव्हते. वहिनी म्हणाल्या, केळीचे वेगळे आणि जिवाचे वेगळे. मित्र म्हणाला, बागेत आता आणखी कुणाला लागले तर जबाबदार कोण. वाद अर्धा तास चालला आणि मत विभागले ते दोन-दोन असे.

वहिनींनी शेवटी कुणाला न विचारता एक पिलू आपल्या पात्राच्या पिशवीत टाकल्याचे जाहीर केले आणि पिशवीची गाठ मारली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊजी, याला पट्टा उमटणार की नाही, ते आत्ताच लिहून ठेवा, नंतर बदलायचं नाही.” मी वही उघडली, साध्या रानडुकराचे ११ हिट पॉइंट निम्मे करून ५ लिहिले, त्याखाली एक ओळ लिहिली, आणि कागदाची घडी घालून ती काकांच्या हातात दिली.